खिशातला चाकू कसा हवा, ते लोहाराला नीट सांगा

शेतकरी बंधूंनो, आत्ता बसला आहात तिथंच सदऱ्याच्या खिशात हात घाला आणि काय काय निघतं ते बघा. मोबाईल निघेल. तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी निघेल. खताच्या दुकानाची चुरगाळलेली पावती निघेल. चाकू निघतो का? फार थोड्यांचा निघेल. ज्याचा निघेल त्याचंही पातं डुगडुगत असेल, टोक मोडलेलं असेल. त्याच पात्यानं त्यानं सकाळी युरियाचं पोतं फोडलं असेल, दुपारी भाकरीबरोबर कांदा चिरला असेल आणि संध्याकाळी डाळिंबाची रोगट फांदी छाटली असेल. उद्या त्याच चाकूनं तो कलम बांधायला बसेल आणि दोन आठवड्यांनी म्हणेल, यंदा काडीच खराब निघाली.

बैल घेताना आपण दात बघतो, शिंगं बघतो, चालवून बघतो. ट्रॅक्टर घेताना चार गावं हिंडतो. चाकू मात्र आठवडी बाजारातल्या पथारीवरून हाताला येईल तो उचलतो. आपल्याला कसा चाकू हवा हे आपण कुणाला कधी सांगितलंच नाही. मग बाजारात येतात ते स्वयंपाकघरातले सुरे, नाहीतर सिनेमा बघून केलेले खटक्याचे चाकू. शेतीच्या कामाला दोन्ही निरुपयोगी.

दुसऱ्या देशांतल्या शेतकऱ्यांनी आपल्या मागण्या कारागिरांपुढे मांडल्या. त्यातून जे घडलं ते बघण्यासारखं आहे. अमेरिकेत गुरं पाळणाऱ्या लोकांसाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तीन पात्यांचा घडीचा चाकू रूढ झाला. त्याला तिकडे ‘स्टॉकमन’ म्हणतात, म्हणजे गुरंवाल्याचा चाकू. पहिलं पातं लांब आणि टोकदार, कातडं सोलणं आणि सगळी वरकड कामं त्याच्यावर. दुसऱ्याची धार सरळ रेषेत आणि पाठ टोकाशी खाली उतरलेली. आकार मेंढीच्या खुरासारखा, म्हणून नावही तेच, ‘शीपफूट’. त्याला अणी नाही, त्यामुळं जनावराच्या अंगालगत दोर कापला तरी टोचण्याची भीती नाही. तिसरं पातं आखूड आणि नाकाला बोथट. ते वासरांच्या खच्चीकरणासाठी, म्हणजे कातडीला छेद देताना आतलं काही दुखावू नये अशा बेतानं केलेलं. चाकू बघितला की मालकाचा दिवस कसा जात असेल ते कळतं.

आता हाच चाकू उचलून आपण इथं आणला तर? तिसऱ्या पात्याचं आपल्याला काही काम नाही. आपल्याकडे बैलाचं खच्चीकरण बर्डिझोच्या चिमट्यानं, न कापता होतं आणि ते पशुवैद्यकाच्या हातूनच व्हायला हवं. पहिलं टोकदार पातंही गोठ्यात फारसं लागत नाही. पण दुसरं, खुराच्या आकाराचं, ते मात्र आपल्याला अगदी हवं असलेलं पातं आहे. रात्री दाव्याला पीळ बसून वासराच्या गळ्याला फास लागला, गाय पाय झाडतेय, हातात बॅटरी आणि घरातला टोकदार सुरा, हा प्रसंग ज्यानं अनुभवलाय त्याला वेगळं सांगायला नको. त्या वेळी सरळ धारेचं, बिनअणीचं पातं दाव्याखाली घालून बाहेरच्या अंगाला ओढलं की सुटका होते. ठिबकची नळी काटकोनात कापायला, सुतळी तोडायला, पोत्याची शिवण उसवायलाही हेच पातं बरं.

स्वित्झर्लंडच्या लष्करानं १८९० च्या सुमारास आपल्या सैनिकांसाठी चाकू ठरवला. त्यांनी मागितलं ते असं: एक पातं, एक टोच्या, डबा फोडायचं हत्यार आणि बंदूक खोलण्यासाठी पेचकस. गंमत अशी, की एवढा माल घडवण्याची सोय त्या देशात तेव्हा नव्हती, म्हणून पहिले चाकू जर्मनीतल्या सोलिंगेन गावाहून करून आणावे लागले. पुढं कार्ल एल्सनर या कारागिरानं ते काम स्विस भूमीवर आणलं. आज त्या चाकूला पंधरा-वीस पाती लावून विकतात. माझं मत विचाराल तर शेतकऱ्यानं त्या नादाला लागू नये. पात्यांची संख्या वाढली की मूठ जाड होते, फटींत चिखल बसतो आणि नेमकं हवं ते पातं नखानं उघडता उघडता नख मोडतं. दोन पाती पुरेत. तिसरं असलंच तर ते पातं नसावं, टोच्या असावा.

फ्रान्सच्या साव्होआ भागातल्या जोसेफ ओपिनेलनं १८९० साली शेतकरी आणि मजुरांसाठी एकाच पात्याचा चाकू केला. लाकडी गोल मूठ, साधं कार्बन पोलाद, बाकी काही नाही. १९५५ पासून त्याच्या मुठीला फिरवायचं कडं आलं. ते फिरवलं की पातं बोटावर मिटत नाही. जपानी ‘हिगोनोकामी’ तर त्याहून साधा. पत्रा दुमडून केलेली मूठ, एक पातं, एक रिबीट. पात्याच्या बुडाशी बाहेर आलेल्या शेपटावर अंगठा दाबून धरायचा, की पातं उघडं राहतं. कमान नाही, खटका नाही. जपानात एके काळी शाळकरी पोरांच्या दप्तरात पेन्सिल टोकायला हाच चाकू असे. हा चाकू मी मुद्दाम सांगतो आहे. खुरपं घडवणाऱ्या आपल्या कुठल्याही लोहाराला तो जमण्यासारखा आहे. घडीच्या चाकूत खरी अवघड असते ती आतली कमान, आणि यात ती नाहीच.

आता आपल्या कामाकडे वळू. आपल्या भागात चाकूचं सगळ्यात नाजूक आणि सगळ्यात किमती काम म्हणजे कलम. कोकणात आंब्याचं कोय कलम आणि काजूचं मृदुकाष्ठ कलम, नाशिक-सांगलीकडे डॉगरीज खुंटावर द्राक्षाचं पाचर कलम, विदर्भात जंभेरीवर संत्र्याचा डोळा भरणं. यातलं प्रत्येक काम एकाच गोष्टीवर उभं आहे. खुंटाच्या सालीखालचा जिवंत थर आणि काडीच्या सालीखालचा जिवंत थर एकमेकांना फट न राहता भिडला पाहिजे. काप सपाट असेल तर भिडतो. कापाला पोट आलं, काठ चेंगरला किंवा तोच काप दोन-तीनदा सारखा करावा लागला, तर मध्ये हवा राहते, पाणी शिरतं आणि काडी वाळते.

सपाट काप येण्यासाठी कलमाच्या पात्याला एकाच अंगानं धार हवी. सुताराची पटाशी आठवा. एक अंग सपाट, दुसऱ्या अंगाला उतार. सपाट अंग काडीला टेकवून ओढलं की पातं सरळ चालतं. दोन्ही अंगांनी धार असलेला घरगुती सुरा लाकडात जाताना पाचरीसारखा फाकतो आणि काप वाकडा येतो. कलमाच्या पात्याची धार सरळ असावी, पोट नसावं, आणि काडी एका ओढीत निघेल एवढी लांबी असावी. अडीच ते तीन इंच पुष्कळ झाली.

डोळा भरणाऱ्याची गरज थोडी वेगळी. त्याला खुंटाच्या सालीवर इंग्रजी ‘टी’ अक्षराचा छेद घ्यायचा असतो, म्हणून पात्याच्या टोकाला किंचित गोलाई बरी. छेद घेतल्यावर साल उचलायची, तीही न फाटता. हे काम पात्याच्या टोकानं करू नये. त्यासाठी चाकूच्या दुसऱ्या टोकाला धार नसलेली चपटी जीभ असावी. ती पितळेची करा, हाडाची करा किंवा चिवट लाकडाची करा. आज किती तरी रोपवाटिकांत साल नखानं उचलतात. नखात माती असते, हे काही वेगळं सांगायला नको.

तुमच्यापैकी बरेच जण म्हणतील, आम्ही दाढीच्या ब्लेडनं किंवा कागद कापायच्या कटरनं कलमं करतो आणि ती लागतातही. खरं आहे, लागतात. नवं ब्लेड कुठल्याही बोथट चाकूपेक्षा बरं. पण ब्लेड पातळ, त्यामुळं जाड काडीत ते वाकतं आणि काप खोलगट होतो. दुसरी गोष्ट त्याहून वाईट. कटरचा बोथट झालेला तुकडा आपण मोडतो आणि बांधावर टाकतो. पुढं त्याच बांधावरचा चारा कापून गोठ्यात जातो. गाय-म्हैस घास चावून निवडत नाही, ओढून गिळते. लोखंडाचा तुकडा तिच्या जाळीपोटात जाऊन बसतो आणि तिथून हृदयाच्या पिशवीपर्यंत भोसकत जातो. खाणं कमी, दूध आटलं, मानेखाली सूज आली, की डॉक्टर विचारतात लोखंड खाल्लं का म्हणून. तोवर बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. ब्लेड वापरायचं असेल तर तुकडे टाकायला खिशात झाकणाची डबी ठेवा, एवढं तरी कराच.

तर मग यादी. माझी यादी मी मांडतो, तुमची तुम्ही करा. कलम बांधणाऱ्याला एक सरळ पातं एकाच अंगाच्या धारेचं, आणि मुठीच्या शेवटी साल उचलायची जीभ. त्या पात्यानं दुसरं काहीही कापायचं नाही. सुतळीसुद्धा नाही. कोरडवाहू आणि गुरंढोरं सांभाळणाऱ्याला खुराच्या आकाराचं एक जाड पातं आणि एक टोच्या. वेसण-म्होरकीला भोक पाडायला, पोतं शिवायला, गाठ उकलायला टोच्या लागतो. तो दाबून वापरायचा असल्यामुळं तो मिटू नये अशी सोय हवी, नाहीतर बोटावर येतो. ज्याच्याकडे बाग आणि गोठा दोन्ही आहेत त्यानं एका मुठीत दोन्ही पाती बसवण्याचा मोह आवरावा. दोन वेगळे चाकू करावेत. एकाच मुठीत असली की गडबडीत नको ते पातं उघडलं जातं आणि कलमाचं पातं महिन्याभरात दाव्याच्या कामाला लागतं.

मेंढ्या-शेळ्या पाळणाऱ्यांना खुरं साळायला आत वळलेलं, छोट्या कोयतीसारखं पातं सोयीचं पडतं. तेच पातं ज्वारीचं कणीस मोडायला आणि वेलीवरचं फळ उतरवायलाही चालतं.

आणि एक मागणी आपण पुरुष मंडळी हटकून विसरतो. रोपवाटिकेत कलमाला, डोळा बांधायला, भाजी तोडायला निम्म्याहून जास्त हात बायकांचे असतात. साडीला खिसा नसतो. चाकू कनवटीला खोचला की पडतो, नाहीतर लागतो. त्यांच्या चाकूला मूठ बारीक हवी, पातं नखाच्या खाचेतून सहज उघडेल इतकी कमान नरम हवी आणि मुठीच्या टोकाला गोफ अडकवायला कडी हवी. लोहाराला कडी करायला किती वेळ लागतो? पण कुणी सांगितलंच नाही तर तो कशाला करेल?

आता पोलादाचं. इथं नीट लक्ष द्या, कारण इथंच फसगत होते. कार्बन पोलाद गंजतं, पण साध्या दगडावर पटकन धार घेतं. गंज न धरणारं स्टेनलेस आपल्या गावच्या भट्टीत नीट कडक करता येत नाही आणि धार लावायलाही चिवट. मग कार्बनच बरं, असं म्हणून मोकळं व्हावं वाटतं. पण डाळिंब आणि संत्रा-मोसंबीवाल्यांनी थांबावं. डाळिंबावरचा तेल्या हा जिवाणूचा रोग आहे आणि रोगट झाडावरून निरोगी झाडावर तो कात्री-चाकूवरूनही जातो. संत्रावर्गीय झाडांत एक्झोकॉर्टिस नावाचा रोग तर प्रामुख्यानं रोगट डोळकाडी आणि पातं यांवरूनच पसरतो. त्याची तऱ्हा अशी, की पातं स्पिरिटनं पुसलं किंवा ज्योतीवर धरलं तरी तो भरवशानं मरत नाही. त्याला सोडियम हायपोक्लोराइटचं द्रावण लागतं. आणि हे द्रावण कार्बन पोलादाला खातं. दोन दिवसांत पातं तांबूस होतं, धारेला खवले पडतात.

म्हणून या पिकांत स्टेनलेसचं तयार पातं विकत घेऊन त्याला गावात मूठ बसवून घ्यावी, हे मला व्यवहाराचं वाटतं. एकाऐवजी दोन चाकू ठेवावेत. एक द्रावणात, एक हातात, झाड बदललं की चाकू बदलायचा. कार्बनचंच असेल तर काम संपल्यावर साध्या पाण्यानं धुऊन, पुसून, खोबरेल तेलाचं बोट फिरवून ठेवायचं. ज्योतीवर पातं धरायची सवय मात्र सोडा. त्यानं पात्याचं पाणी उतरतं. एकदा का धारेला निळा रंग आला, की ती धार टिकणार नाही.

पाणी उतरतं म्हणजे काय, हे लोहार जाणतो, आपणही जाणलेलं बरं. गावात घडणारी बहुतेक हत्यारं ट्रकच्या कमानपाट्याची असतात. हे पोलाद चांगलं, चिवट. खुरप्या-कोयत्याला उत्तम आणि खुराच्या आकाराच्या जाड पात्यालाही उत्तम. कलमाच्या पातळ पात्याला मात्र त्याहून जास्त कार्बनचं पोलाद बरं. जुनी, झिजलेली चांगल्या बनावटीची कानस किंवा मोठ्या बेअरिंगची कडी त्यासाठी मागा. पातं घडवून झालं की ते लाल करतात. किती लाल, याची एक सोपी परीक्षा आहे. लोहचुंबक पात्याला चिकटेनासं झालं, की त्याहून थोडं वर नेऊन ते विझवायचं. जाड कोयता पाण्यात विझवला तर चालतो, पण कलमाचं पातळ पातं पाण्यात तडकतं. ते तेलात विझवायला सांगा.

विझवलेलं पातं काचेसारखं कडक आणि तितकंच ठिसूळ असतं. ते तसंच वापरलं तर धारेचे टवके उडतात. म्हणून ते घासून चकचकीत करायचं आणि हलक्या आचेवर पुन्हा तापवायचं. त्यावर रंग चढत जातात, आधी वाळलेल्या गवताचा फिका पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. पातं पिवळ्यावर थांबवायचं. कमान करायची असेल तर ती निळ्यापर्यंत न्यायची, म्हणजे वाकून परत येते. ही दोन रंगांची गोष्ट सांभाळली की निम्मा चाकू झाला. घाईच्या दिवसांत, मृगाच्या तोंडावर, लोहाराच्या दारात खुरप्यांचा ढीग पडलेला असताना हे काम सांगू नका. दिवाळीनंतर ऐरण थोडी मोकळी असते तेव्हा जा.

जाताना तोंडी वर्णन करू नका. पुठ्ठ्याचा नमुना कापून न्या. पात्याची लांबी, रुंदी, धार कुठल्या अंगानं, टोक कसं, जीभ कुठं, हे सगळं त्यावर दाखवा. पाठीची जाडी वेगळी सांगा. डावखुरे असाल तर आधी तेच सांगा, कारण एकाच अंगाची धार तुमच्यासाठी उलट्या बाजूनं लागते. उजव्या हाताच्या चाकूनं डावखुऱ्याचं कलम कधी सरळ येत नाही आणि दोष बिचाऱ्या हाताला मिळतो. आठवडी बाजारात गाडा लावून बसणाऱ्या घिसाड्यांनाही हा नमुना दाखवून बघा. हात त्यांचाही तयार असतो, फक्त तो दुसऱ्या गावी निघून जाण्याआधी चाकू तपासून घ्या.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांसाठी दोन गोष्टी. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसाय घेतले आहेत. त्यांत लोहार आहे, आणि हातोडा व अवजारांचे संच बनवणारा कारागीरही वेगळा धरला आहे. प्रशिक्षणाबरोबर पंधरा हजार रुपयांपर्यंतची अवजारं, पहिल्या टप्प्यात एक लाख आणि नंतर दोन लाख रुपयांपर्यंतचं कर्ज पाच टक्के व्याजानं, अशी तिची रचना आहे. अर्जाची पहिली छाननी ग्रामपंचायतीकडेच येते. तुमच्या गावच्या लोहाराचा अर्ज झाला होता का, झाला असेल तर कुठं अडकला, हे एकदा बघा. नोंदणीची सध्याची स्थिती सामायिक सेवा केंद्रात कळेल. घण मारायला दुसरा माणूस मिळत नाही म्हणून कित्येक भट्ट्या थंडावल्या आहेत. हातात पॉवर हॅमर किंवा साधं ग्राइंडर आलं तर हेच काम एकटा माणूस करू शकतो.

दुसरी गोष्ट कायद्याची. चाकू खिशात ठेवला म्हणजे गुन्हा, अशी भीती काहींना असते. शस्त्र कायदा १९५९ चा आहे. त्याखालच्या नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची धारदार शस्त्रं येतात आणि घरगुती व शेतीच्या कामासाठी बनवलेली हत्यारं त्यातून वगळलेली आहेत. आपला तीन इंची कलमचाकू त्यात बसत नाही. पण निवडणूक, यात्रा, सण अशा काळात जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली शस्त्रबंदीचे आदेश निघतात. त्या दिवसांत चाकू बागेतल्या खोपीत राहू द्या, जत्रेत नेऊ नका. पोलीस पाटलांनी हे आधीच सांगितलं तर पोराटोरांवर नसती आफत येत नाही. आणि बटण दाबल्यावर फाटकन उघडणारा चाकू कुणी मागितला, तर लोहारानं सरळ नाही म्हणावं. शेतीत त्याचं काही काम नाही.

चाकू हातात आला की घरी नेण्याआधी तिथंच तपासा. पातं उघडून दोन बोटांत धरा आणि आडवं हलवा. रिबिटाशी खेळ जाणवला तर तिथंच ठोकून घ्या. उजेडाकडे धरून सपाट अंगावर फूटपट्टी ठेवा, खालून उजेड दिसता कामा नये. मग पेरूची किंवा आंब्याची बोटाएवढी काडी एका ओढीत तिरपी कापा. काप ओल्या आरशासारखा चमकला पाहिजे, रेघा दिसता कामा नयेत. दहा काड्या कापून पुन्हा धारेवरून उजेड फिरवा. टवका उडाला असेल तर पाणी जास्त कडक राहिलं आहे, धार मुडपली असेल तर जास्त उतरलं आहे. दोन्हीचा इलाज लोहाराकडे आहे, परत द्या, तो पुन्हा तापवून देईल. त्या दुसऱ्या फेरीचे पैसे मात्र वेगळे द्या, कोळसा त्याचा जळतो.